शेऱ्याचा रकाना

मिरग संपून आर्द्रा लागल्या होत्या. फोंड्यात सकाळपासून धो धो पाऊस, आणि त्यातच आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला.

“अगे बाय, माझी अकरा पुस्तकं यादीतून कुठे गेली?”

गेली म्हणजे काय, ते मला आधी कळेना. कपाटात पुस्तकं जागच्या जागी होती, बाईंनी स्वतः जाऊन पाहिलं होतं. छापील यादीत मात्र ती नव्हती. वाचक यादी बघूनच पुस्तक मागतो. साखळीहून एक वयस्क गृहस्थ पावसात मुद्दाम आले होते, त्यांना हवं होतं ते पुस्तक ‘क्ष’नं सुरू होणारं. बाईंनी ‘क’ची पानं उलटली, पुन्हा उलटली, आणि म्हणाल्या, “आमच्याकडे नाही वाटतं.” गृहस्थ छत्री उघडून परत गेले. संध्याकाळी झाडताना बाईंना ते पुस्तक समोरच दिसलं.

ती यादी ज्या प्रोग्रॅममधून निघते तो माझा. पर्ल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं एक छोटं मॉड्यूल आहे, म्हणजे तयार वापरता येणारा कोडचा तुकडा. मराठी नावांची यादी दिली की ते वर्णानुक्रमे लावून देतं, अक्षरागणिक पानं पाडतं. वाचनालयासाठी म्हणून लिहिलं, पुढे सिंधुदुर्गातल्या एकांनी मागितलं म्हणून सीपॅनवर ठेवलं. सीपॅन म्हणजे पर्लच्या मॉड्यूल्सचं जगभरचं सामायिक भांडार. १९९५ पासून चालू आहे, आणि आज त्यात दोन लाखांहून अधिक मॉड्यूल्स आहेत. त्या समुद्रात माझं एक टिपूस.

त्या आठवड्यात मी ०.०४ ही आवृत्ती वाचनालयाच्या संगणकावर घातली होती. आधीच्या आवृत्तीत क्रम साधा होता, म्हणजे युनिकोड या संगणकाच्या अक्षरसंकेतात अक्षरांना जे क्रमांक आहेत त्यांच्या क्रमाने. त्या हिशेबात ‘क्ष’ हे वेगळं अक्षरच नव्हे. क, हलन्त आणि ष यांची ती जोडणी, म्हणून ‘क्षितिज’ ‘क’च्या घरात, अगदी शेवटी बसतं. ‘ज्ञ’ तसाच ‘ज’च्या घरात. आणि ‘ळ’ ‘ल’च्या पाठोपाठ, ‘व’च्या आधी. आपण शाळेत म्हटलेली वर्णमाला अशी नाही. आपण श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ असं म्हणत मोठे झालो. पर्लसोबतच येणारं युनिकोड-कोलेट नावाचं मॉड्यूल आहे, त्याला आपले नियम सांगता येतात. त्याच्या आधाराने मी ०.०४ मध्ये क्रम शाळेतल्या वर्णमालेसारखा केला. केलेलं काम बरोबर होतं. आजही मी ते बरोबरच म्हणेन.

चूक कुठे झाली ते बाईंशी बोलताना हळूहळू उलगडलं. बाई दर आठवड्याला पूर्ण यादी छापत नाहीत. कागद महाग, शाई त्याहून महाग. ज्या अक्षरात नवीन पुस्तक आलं असेल तेवढ्याच अक्षराची पानं छापायची, फाईलमधली जुनी काढायची, नवी लावायची. त्या आठवड्यात ‘क’मध्ये दोन पुस्तकं आली होती. बाईंनी ‘क’ची पानं बदलली. नव्या पानांवर ‘क्ष’ नव्हता, तो यादीच्या शेवटी गेला होता. आणि शेवटची पानं बाईंनी छापलीच नव्हती, कारण तिथे नवीन पुस्तक आल्याचं त्यांना माहीत असण्याचं कारणच नव्हतं. अकरा पुस्तकं जुन्या आणि नव्या क्रमाच्या फटीत पडली.

प्रत्येक आवृत्तीत काय बदललं ते चेंजेस नावाच्या फाईलमध्ये लिहायचं असतं. मी त्या रात्री माझी चेंजेस फाईल उघडून बघितली. ०.०४ खाली मी एक ओळ लिहिली होती:

“क्रमवारीतील त्रुटी दुरुस्त.”

तीन शब्द. तिन्ही खरे. क्रमवारी होती, त्रुटी होती, ती दुरुस्तही झाली होती. आणि तरी त्या ओळीतून कुणालाही काही समजत नाही. कोणती त्रुटी? कुणाला दिसणारी? उद्या सकाळी माझ्या यादीत काय हललेलं असेल? मला काही करावं लागेल का? बाईंच्या मनात आलेला एकही प्रश्न त्या ओळीला माहीत नव्हता. ती ओळ मी माझ्यासाठी लिहिली होती, काम संपल्याची खूण म्हणून, जसं आपण वाणसामानाच्या यादीवर बरोबरची खूण करतो तशी.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेले ती माफी मागायला. बाईंनी चहा मागवला आणि म्हणाल्या, “थांब, तुला एक दाखवते.” कपाटातून त्यांनी दाखल नोंदवही काढली. जाड पुठ्ठा, कापडी पाठ, कोपरे झिजलेले. वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक या वहीत आधी चढतं आणि मग कपाटात जातं. रकाने असे: तारीख, दाखल क्रमांक, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पृष्ठं, किंमत, आणि अगदी उजवीकडे शेरा.

“सगळे रकाने भरायला सोपे,” बाई म्हणाल्या. “पुस्तकावर छापलेलं असतं ते उतरवायचं. शेऱ्याला मात्र डोकं लागतं.”

मी तो रकाना वरून खाली वाचत गेले. ‘देणगी. पहिलं पान नाही, आले तेव्हाच नव्हतं.’ ‘वाळवी. खारीज.’ ‘बांधणी नवी. पाठीवरचा क्रमांक पुन्हा घातला.’ ‘दोन भाग एकत्र बांधलेत, दुसऱ्याचा क्रमांक पुढे पाहा.’ एके ठिकाणी लाल शाईत: ‘पृ. ६५ ते ८० उलटी बांधलीत. वाचकाला सांगून द्यावे.’

‘वाचकाला सांगून द्यावे.’ हे वाचून मी थांबले. ही नोंद करणारे ग्रंथपाल बाईंच्याही आधीचे, आता हयात नाहीत. त्यांनी पुस्तकाचा दोष लिहून विषय संपवला नाही. त्या पुस्तकाचं पुढे काय होणार, ते कुणाच्या हातात जाणार, तो पासष्टाव्या पानावर कसा अडणार, इथवर त्यांचा विचार गेला होता, आणि त्यांच्यानंतर काउंटरवर बसणाऱ्या माणसाला त्यांनी तीन शब्दांत काम सांगून ठेवलं होतं.

अजून एक गोष्ट बाईंनी दाखवली. चुकलेलं कुठेही खोडरबराने पुसलेलं नाही. एक आडवी रेघ, वर बरोबर शब्द, बाजूला सही. हरवलेल्या पुस्तकाचा क्रमांक नव्या पुस्तकाला कधीच दिलेला नाही. मला एकदम आठवलं की सीपॅनचीही हीच रीत. एका नावाची, एका आवृत्तीची फाईल एकदा चढवली की तीच आवृत्ती बदलून पुन्हा चढवता येत नाही. चुकलं असेल तर पुढचा क्रमांक घ्या आणि काय चुकलं ते लिहा. मला ही सक्ती पूर्वी जाचायची. त्या वहीसमोर बसल्यावर नाही जाचली.

घरी येऊन ०.०५ काढली. कोडमध्ये बदल अगदी थोडा होता, जुना क्रम हवा असणाऱ्यांसाठी एक पर्याय ठेवला. वेळ गेला तो नोंद लिहिण्यात. फाईल मी इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत ठेवते, त्यातली मराठी नोंद अशी झाली:

०.०५  २०२३-०७-०४
[आधी हे वाचा]
- ०.०४ पासून यादीचा क्रम बदलला आहे, हे त्या वेळी लिहायचं राहिलं. ‘क्ष’नं सुरू होणारी नावं आता ‘क’मध्ये येत नाहीत, ‘ज्ञ’ची ‘ज’मध्ये येत नाहीत. दोन्ही यादीच्या शेवटी, ‘ह’ आणि ‘ळ’ यांच्या नंतर येतात.
- छापील यादी ठेवत असाल तर एकदा पूर्ण यादी छापा. जुनी आणि नवी पानं एका फाईलमध्ये लावू नका, मधली नावं गळतील.
[नवीन]
- जुनाच क्रम हवा असेल तर तसा पर्याय आता देता येतो.

सिंधुदुर्गातल्या त्या वापरकर्त्यांचं आठवड्याने पत्र आलं. त्यांच्याकडेही अर्धी पानं छापायची पद्धत होती. नोंद वाचून त्यांनी पूर्ण यादी छापली होती. पत्रात आभार वगैरे काही नव्हतं, फक्त ‘पूर्ण छापली’ एवढंच. मला तेवढं पुष्कळ झालं.

तेव्हापासून मी दुसऱ्यांच्या चेंजेस फाईली वाचायला लागले. बाजारात गेलं की माणूस दुसऱ्याच्या पिशवीतली भाजी बघतो तशा. वेगळंच जग आहे. काही ठिकाणी नवीन मॉड्यूलचा सांगाडा तयार करणाऱ्या साधनाने आपोआप घातलेली ओळ तशीच पडून आहे, की ही पहिली आवृत्ती, बेसावध जगावर सोडलेली. मॉड्यूल पंधरा वर्षांचं होतं आणि फाईलमध्ये एवढीच ओळ. काही जण गिटचा, म्हणजे कोडमधला प्रत्येक बारीक बदल टिपून ठेवणाऱ्या साधनाचा, सगळा इतिहास फाईलमध्ये ओततात. ‘टायपो’, ‘पुन्हा टायपो’, ‘टेस्ट चालेना’, ‘आता चालते’ अशा तीनशे ओळी. त्या लेखकाचा मी दुस्वास करत नाही, कष्ट केल्याचं दिसतं. पण गिटचा इतिहास हा स्वयंपाकघरातला पसारा आहे, आणि पंगतीला बसलेल्या माणसाला पानात काय वाढलंय एवढंच कळायला हवं असतं.

याच्या उलट एक फाईल मला फार आवडते. डेटटाईम-टाईमझोन या मॉड्यूलची. जगभरच्या देशांच्या घड्याळांचे नियम त्यात असतात. कुठलं तरी सरकार उन्हाळी वेळ रद्द करतं, कुठे सीमा बदलते, आणि मूळ विदागारात बदल झाला की हे मॉड्यूल नव्याने निघतं. नोंदीत दोनच गोष्टी असतात: मूळ विदागाराची कोणती आवृत्ती घेतली, आणि या खेपेला कोणत्या देशांच्या सध्याच्या वेळा बदलल्या. बस. मी फोंड्यात बसून ती वाचते, त्यात भारत नसतो, माझं कुणी गिऱ्हाईक त्या देशात नसतं, मी निवांत. ज्याचा देश त्यात असेल तो त्याच रात्री कामाला लागेल. एका वाक्यात दोघांचं काम झालं. वाचणाऱ्याला ‘हे माझ्यासाठी नाही’ असं खात्रीने कळणं हाही उपयोगच आहे, हे मला त्या फाईलनं शिकवलं.

खुद्द पर्लची रीत त्याहून मोठ्या अंगाची. पर्लच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत पर्लडेल्टा नावाचा दस्तऐवज येतो, आणि त्यात जुनं काय मोडेल याला स्वतंत्र प्रकरण असतं. २०१३ साली ५.१८ मध्ये हॅशमधल्या, म्हणजे नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांच्या साठ्यातल्या, नावांचा क्रम दर खेपेला वेगळा यायला लागला. तो क्रम पूर्वीही गृहीत धरायचा नव्हताच, पण पुष्कळांनी धरला होता, आणि त्यांचे प्रोग्रॅम कोसळले. २०१७ साली ५.२६ मध्ये, पर्ल मॉड्यूल्स शोधायला ज्या जागा बघतं त्यातून चालू फोल्डर वगळला, सुरक्षिततेसाठी. दोन्ही बदल योग्य. पण योग्य आहे म्हणून ते गुपचूप करून मोकळे झाले नाहीत. काय बदललं, का बदललं, तुमचा कोड कुठे अडेल, आणि अडलाच तर तूर्त काय करता येईल, हे सगळं लिहून ठेवलंय. माझ्या ०.०४ ला नेमकं हेच नव्हतं. माझं मॉड्यूल टिपूसभर असलं तरी साखळीहून आलेल्या माणसाचा हेलपाटा टिपूसभर नव्हता.

बारीकसारीक दोन गोष्टी आहेत, त्या पटकन सांगते. तारीख. आपण ४-७ लिहितो तेव्हा जुलैची चार असते, अमेरिकेतला माणूस ती सात एप्रिल वाचतो. चेंजेस फाईल कशी असावी याचा पर्लवाल्यांनी लेखी संकेत केला आहे, त्यात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. तसंच लिहावं, वाद संपतो. दुसरी, आवृत्तीचा क्रमांक. १.९ नंतर १.१० असं आपण सहज लिहून जातो, पुस्तकातल्या प्रकरणांसारखं. पर्ल मात्र त्याला दशांश अपूर्णांक समजतं. १.१० म्हणजे १.१, आणि ते १.९ पेक्षा लहान. नवी आवृत्ती जुनी ठरते आणि कुणाच्याही संगणकावर चढत नाही. पहिल्यापासून दोन आकडे ठेवावेत, १.०९ आणि मग १.१०.

आता रीडमीबद्दल, म्हणजे मॉड्यूलसोबत असणाऱ्या ओळखीच्या फाईलबद्दल. माझ्या मते रीडमी चेंजेसहून अवघड आहे. चेंजेस वाचणारा माणूस निदान आपलं मॉड्यूल वापरत असतो, त्याची आपली ओळख असते. रीडमी वाचणारा दारात उभा असतो, आत यायचं की नाही हे त्याचं ठरायचं असतं.

त्याच जुलैत वाचनालयाचा संगणक गेला. दमटपणाने आतल्या पट्टीवर हिरवी बुरशी धरली होती. एका सभासदाने आपला जुना संगणक दिला, आणि त्यावर सगळं नव्याने घालायला मी स्कूटरवरून रेनकोट घालून गेले. पावसात नेट टिकणार नाही हे ओळखून लागणारी सगळी मॉड्यूल्स पेनड्राईव्हवर घेतली होती. पोचले तर लाईट गेलेली. इन्व्हर्टरवर संगणक आणि एक दिवा तेवढा चालत होता. फोनला रेंज नाही. मी माझं मॉड्यूल उघडलं, रीडमीत लिहिलेले चार आदेश दिले, आणि ते मध्येच अडलं. पडद्यावर चुकांची रांग लागली.

वाचनालयाची ग्रंथसूची एक्सएमएल या फाईल-प्रकारात निघते, म्हणून माझं मॉड्यूल तो प्रकार वाचणाऱ्या एक्सएमएल-पार्सर या मॉड्यूलवर उभं आहे. माझ्या रीडमीत त्याचा उल्लेखही नव्हता. माझ्या रीडमीत काय होतं? सांगाड्यासोबत आपोआप आलेला मजकूर. त्यात एक परिच्छेद असा असतो, की रीडमी म्हणजे मॉड्यूलची ओळख करून देणारी, ते कसं बसवायचं आणि त्याआधी काय लागतं हे सांगणारी फाईल. म्हणजे त्या जागी काय लिहायचं याची सूचना. मी सूचनाच ठेवून दिली होती, तिच्या जागी लिहायचं ते लिहिलंच नव्हतं. लग्नपत्रिकेवर ‘इथे वधूचे नाव’ असं छापून वाटावं, तसं.

मग मी एक्सएमएल-पार्सरचं रीडमी उघडलं. साधा मजकूर, ना रंग ना चित्रं, काळ्या पडद्यावर कुठल्याही साधनाशिवाय वाचता येणारा. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की हे मॉड्यूल एक्स्पॅट नावाच्या, सी भाषेतल्या लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) चालतं. पूर्वी ती लायब्ररी मॉड्यूलच्या आतच असायची, आता नसते, ती तुमच्या संगणकावर आधीच आहे असं धरलं आहे. माझ्या घरच्या संगणकावर एक्स्पॅट कित्येक वर्षांपासून होतं, म्हणून मला ते लागतं याचा मला पत्ताच नव्हता. वाचनालयातल्या संगणकावर नव्हतं. लाईट नसलेल्या खोलीत, रेंज नसताना, कधी न भेटलेल्या माणसांनी लिहून ठेवलेली ती दोन वाक्यं माझ्या मदतीला आली. त्या दिवशी काम झालं नाही, पण काय आणायचं ते कळलं. दुसऱ्या दिवशी घरून एक्स्पॅट घेऊन गेले, आणि वीस मिनिटांत सगळं बसलं.

रीडमी साध्या मजकुरात का असावं याचं कारण मी पुस्तकी म्हणून ऐकलं होतं, ते असं अंगावर पाऊस झेलून कळलं. सीपॅनवर तर मॉड्यूल चढवलं की त्यातलं रीडमी वेगळं काढून शेजारी ठेवलं जातं, म्हणजे मॉड्यूल उतरवायच्या आधीच ते वाचता यावं. ही सोय ज्यांनी केली त्यांनी दारात उभ्या असलेल्या माणसाचा विचार केला होता.

नवं रीडमी लिहायला मला तीन संध्याकाळ लागल्या. पहिलं वाक्य सर्वांत जास्त अडलं. ‘मराठी मजकुरासाठी शक्तिशाली व लवचीक क्रमवारी प्रणाली’ असं काहीतरी मी आधी लिहिलं होतं. ते बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे काय करतं?” मी म्हटलं, “मराठी नावांची यादी वर्णमालेच्या क्रमाने लावतं.” “मग तसं लिही की.” तेच लिहिलं. आता रीडमीचं ते पहिलं वाक्य आहे.

त्याखाली एक लहान उदाहरण. उदाहरणाबाबत माझा एक हट्ट आहे: ते जसंच्या तसं उचलून चिकटवलं तर चाललं पाहिजे. बहुतेक ठिकाणी जागा वाचवायला दोन ओळी गाळतात, मजकूर यूटीएफ-८ या संकेतात आहे हे पर्लला सांगणारी एक आणि छापतानाही तेच वापर असं सांगणारी दुसरी. देवनागरीत त्यांतली एखादी ओळ गाळली तर एक तर पडद्यावर कचरा उमटतो, नाही तर ‘वाइड कॅरेक्टर’ची तक्रार येते, आणि नव्या माणसाला वाटतं आपलंच काही चुकलं. म्हणून मी त्या दोन ओळी ठेवल्या. उदाहरणातले शब्दही मुद्दाम निवडले: कमळ, क्षमा, ज्ञान, लाट, वारा, हळद. नुसती आलेली यादी, म्हणजे कमळ, लाट, वारा, हळद, क्षमा, ज्ञान, बघूनच हे मॉड्यूल काय करतं ते समजतं. मग बसवण्याआधी काय लागतं, त्यात एक्स्पॅट सर्वांत वर. मग बसवायचं कसं. आणि काय करत नाही तेही: मोडी वाचत नाही, रोमी म्हणजे रोमन लिपीतली कोकणी लावत नाही. गोव्यात हा दुसरा प्रश्न येणारच, म्हणून तो आधीच लिहिला. चूक सापडली तर कुठे कळवायचं, परवाना कोणता, एवढं शेवटी. सगळे पर्याय, सगळी फंक्शन्स मी रीडमीत घातली नाहीत. ती मॉड्यूलच्या आतल्या पॉडमध्ये, म्हणजे कोडसोबतच लिहायच्या दस्तऐवजात, सविस्तर. पुष्कळ जण पॉडचीच प्रत रीडमी म्हणून लावतात. काहीच नसण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं, पण पाहुणा दारात आला की त्याला पाणी विचारायचं सोडून सगळं घर फिरवून आणल्यासारखं मला ते वाटतं.

पर्लचे जनक लॅरी वॉल भाषाशास्त्र शिकलेले गृहस्थ. प्रोग्रॅमरच्या तीन सद्गुणांत त्यांनी आळस पहिला धरला. आळशी माणूस आपल्या कामाचं दस्तऐवजीकरण करतो, कारण लोकांच्या प्रश्नांना पुन्हा पुन्हा उत्तरं द्यायची त्याची तयारी नसते, असा त्यांचा मुद्दा. मला हे वर्षानुवर्षं पटत आलं होतं. आता निम्मंच पटतं. प्रश्न विचारणारा माणूस तसा सुखरूप असतो. त्याला माझा पत्ता ठाऊक असतो, उशिरा का होईना त्याला उत्तर मिळतं. साखळीहून आलेल्या गृहस्थांनी मला काही विचारलं नाही. विचारणार कसे? आपल्या पुस्तकाच्या आणि आपल्या मध्ये एक प्रोग्रॅम आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. बाईंनी फोन केला म्हणून मला कळलं, नाहीतर ते पुस्तक इथे नाही असंच धरून ते बसले असते. जे कधीच विचारणार नाहीत त्यांच्यापर्यंत पोचायला माझ्याकडे या दोन फाईलींशिवाय दुसरं काही नाही. त्या फाईली बाई वाचतील, आणि बाई त्यांना सांगतील. ‘वाचकाला सांगून द्यावे.’

सध्या ‘ऱ’चं काम हातात आहे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘शेऱ्याचा’ यांतला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र. पडद्यावर तो एकसारखा दिसतो, पण आत दोन तऱ्हांनी टंकलेला असू शकतो. एक, ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त. दुसरी, साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण या दोन तऱ्हांना एक करत नाही. वाचनालयाची जुनी नोंदणी एकाने केली, नवी दुसऱ्याने, आणि दोघांच्या सवयी वेगळ्या. क्रम लावताना दोन्ही रूपं शेजारी येतात, त्यामुळे छापील यादीत काही कळत नाही. शोध घेतला की मात्र अर्धीच पुस्तकं सापडतात. ०.०७ मध्ये शोधाला दोन्ही रूपं एकच वाटतील असं करायचं आहे.

या खेपेला मी आधी वाचनालयात गेले. बाईंना समजावून सांगितलं, कागदावर दोन्ही रूपं काढून दाखवली. त्यांनी चष्मा वर करून थोडा विचार केला.

“मग मी मार्चच्या अहवालात दुबार प्रतींचा आकडा दिला, तो शोधूनच दिला होता. तो चुकला का?”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. चुकला असणार. नव्या शोधात आकडा वाढेल, आणि पुढच्या मार्चमध्ये कुणीतरी विचारेल की वर्षभरात एवढ्या प्रती कुठून आल्या.

“तर मग ते लिही,” बाई म्हणाल्या. “आकडा वाढला तो पुस्तकं वाढली म्हणून नाही, असं. आणि कधीपासून ते लिही. मी वहीतही शेरा घालते.”

तिथेच बसून, काउंटरच्या कोपऱ्यावर, मी ती नोंद लिहिली. बाईंनी दोनदा वाचली, एक शब्द बदलायला लावला. ०.०७ ची नोंद तयार आहे. तारखेची जागा रिकामी ठेवली आहे, कोड अजून लिहायचा आहे.